हीटरमधली मोहरी

बडोदे, १२ एप्रिल १९९८

चि. विहंग,

अनेक आशीर्वाद. काकूचेही आहेत, पण ती म्हणते, "माझे वेगळे लिहा, तुमच्यात मिसळू नका." तर हे तिचे वेगळे.

बातमी अशी की मी मॅटाडोर घेतली. घाबरू नकोस, धंदा काढत नाही. वाडीतल्या एका बँडवाल्याने नवी गाडी घेतली आणि ही विकायला काढली. तिच्या एका बाजूवर अजून तुतारी फुंकणारा फेटेवाला रंगवलेला आहे. काकूला तो आवडत नाही, मला आवडतो. आतली बाकं काढून मी झोपायच्या फळ्या, एक कपाट आणि शेगडीपुरता ओटा केला आहे. रिफायनरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी गणपतराव रोज संध्याकाळी येऊन विचारतात, "काका, हे नक्की काय आहे?" मी सांगतो, फिरतं घर. ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात.

कारण तुला ठाऊक असायला हवं. त्र्याण्णव साली जर्मनीला निघताना स्टेशनवर तू काकूला म्हणालास, "दोन वर्षांत येतो आणि तुला बर्फ दाखवतो." पाच वर्षं झाली. तिने अजून फ्रीजच्या बाहेरचा बर्फ पाहिलेला नाही. म्हणून मी ठरवलं, गाडी मी तयार ठेवायची आणि दसऱ्याला तू यायचंस. आपण तिघं मनालीवरून रोहतांगला जाऊ.

अडलंय एकाच ठिकाणी. काकू म्हणते, बर्फ बघीन पण थंडीत झोपणार नाही. गेल्या वर्षी तू निळ्या गाडीचा फोटो पाठवला होतास, शनिवार-रविवार भटकायला घेतली म्हणून. तिच्यात डिझेलवर चालणारा हीटर आहे असंही लिहिलं होतंस. हा काय प्रकार आहे? झोपायच्या जागेत डिझेल जाळायचं आणि सकाळी माणसं जिवंत उठायची, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तसा एखादा जुनापाना मिळाला तर पाठव. दादा-वहिनी गेल्यावर तू आमच्याकडे आलास, तेव्हापासून मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे पहिलंच.

तुझा काका,
शरच्चंद्र


उल्म, ३ मे १९९८

ती. काका-काकूंना नमस्कार.

फेटेवाल्याला रंग फासू नका, मला त्याला भेटायचंय.

हीटर मिळाला, इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात. इथला माझा मित्र पीयूष भाचीच्या लग्नाला बडोद्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. बुटांच्या खोक्याएवढा आहे.

आता काकूची भीती घालवतो. डिझेल थेंबाथेंबाने आत जातं आणि एका बंद डबीत जळतं. जळायला लागणारी हवा एका नळीने गाडीबाहेरून येते, धूर दुसऱ्या नळीने बाहेरच जातो. खोलीतली हवा फक्त त्या तापलेल्या डबीवरून फिरून परत येते. दोन शेजारणींचं समजा, भिंत एक पण बोलणं नाही. त्या दोन हवा भेटल्या तर मात्र माणूस झोपेतच जातो, म्हणून धुराची नळी फरशीतून खाली काढा, सांधे घट्ट करा आणि तिचं तोंड खिडकीखाली येऊ देऊ नका. बर्फ साचला तर आधी नळीचं तोंड मोकळं करायचं, मग चहा.

बंद करताना बटणानेच बंद करा. वायर ओढू नका. पंखा आणखी तीन-चार मिनिटं फिरतो, तो फिरू द्या, नाहीतर आतली डबी जळते. आठवड्यातून एकदा पूर्ण जोरात चालवा म्हणजे काजळी निघून जाते. वरची झडप बोटभर उघडी ठेवायची, कितीही थंडी असो. आणि खिडक्या आतून ओल्या होतात, त्या रोज पुसाव्या लागतात. एक दिवस चुकलं तरी गादीला बुरशी येते.

दसऱ्याला येतो. पुढचं पत्र पीयूषच्या पत्त्यावर घाला, मी घर बदलतोय.

आपला,
विहंग


बडोदे, २९ मे १९९८

चि. विहंग,

आशीर्वाद. हीटर पोचला. काकूने त्याला हळदकुंकू लावलं, मी तुझ्या पत्राबरहुकूम बसवला. नळ्या फरशीतून खाली, सांधे घट्ट, झडप बोटभर. एकतीस वर्षं रिफायनरीत यंत्रं जोडण्यात गेली, तेव्हा बसवण्यात खोट नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पण तो पेटत नाही.

काल दुपारी मुहूर्त केला. त्रेचाळीस डिग्री तापमान, अर्धी सोसायटी घाम पुसत गाडीभोवती उभी, आणि मी आत बसून हीटर चालू करतोय. दिवा लागला, पंखा फिरला. मी बोट वर करून सगळ्यांना थांबायला सांगितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पंखा आपला फिरतोय आणि आत काही पेटण्याचं नाव नाही. समोरच्या यशश्रीबेन भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी डोकावून विचारलं, "काका, गरमी ओछी छे के शुं?" गरमी कमी पडतेय का, म्हणून. सगळे हसले. मीही हसलो आणि पुन्हा बटण दाबलं.

आज पहाटे उठून पुन्हा लावला. तेच. डिझेल आहे, बॅटरी नवी आहे. काय चुकतंय ते लिही. काकू म्हणते, तिला घाई नाही. मला आहे.

तुझा,
काका


उल्म, १५ जून १९९८

ती. काका,

नमस्कार. मीही गोंधळलोय. इथून निघाला तेव्हा तो उत्तम पेटत होता. म्हणजे, दुकानदाराने पेटवून दाखवला होता.

एकेक करून बघा. डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल, ती काढा. पंपाची टिकटिक ऐकू येते का? नसेल तर त्याची वायर तपासा. आतली ठिणगीची कांडी काढून ती लाल होते का बघा. हवा ओढणाऱ्या तोंडाची जाळी साफ करा. तरी नाही पेटला तर पूर्ण उघडा, तुम्हाला जमेल. थंडीने डिझेल घट्ट होऊन अडत असेल तर त्यात थोडं रॉकेल घाला.

काकूला सांगा, लोणचं संपलं.

आपला,
विहंग


बडोदे, ५ जुलै १९९८

चि. विहंग,

थंडीने डिझेल घट्ट झालं असेल, हे वाक्य मी गणपतरावांना वाचून दाखवलं. ते खुर्चीवरून पडायचे राहिले. बाबा रे, इथे तूप घट्ट होत नाही.

बाकी सगळं केलं. पंपाची टिकटिक ऐकू येत नाही. पण पंप काढून सुटा जोडला की ठणठणीत चालतो. कांडी सुटी जोडली की लालबुंद होते. म्हणजे प्रत्येक जण शहाणा आहे आणि एकत्र आले की कोणी काम करत नाही. रिफायनरीत मी असं खातं पाहिलं आहे, पण असं यंत्र पाहिलं नव्हतं. शेवटी पूर्ण उघडला, वर्तमानपत्रावर एकेक भाग मांडला, पुसला, पुन्हा जोडला. पंखा फिरतो. पेटत नाही. रात्री डोळे मिटले की तो पंखाच दिसतो.

एक गंमत सांगायची राहिली. पंख्याच्या पात्यांत आणि मागच्या खोबणीत मोहरी निघाली. पंधरा-वीस दाणे असतील, काही तडतडलेले. जर्मन दुकानदाराच्या हीटरमध्ये मोहरी कुठून आली? गणपतराव म्हणतात, तिथले लोक सॉसेजबरोबर मोहरीची चटणी खातात, तीच उडाली असेल. मला पटलं. काकूने ते दाणे तळहातावर घेतले, उजेडात नेऊन पाहिले आणि एका डबीत ठेवले. कशाला ठेवलेस म्हटलं तर तिने झाकण घट्ट लावलं. तिलाही या हीटरने वेड लावलेलं दिसतं.

दसऱ्याचं तिकीट काढलंस का?

तुझा,
काका


उल्म, २२ जुलै १९९८

ती. काका,

नमस्कार. मोहरीचं म्हणाल तर गणपतराव बरोबर आहेत, इथे ती सगळीकडे असते. ते सोडा.

हीटरचं मला आता काही सुचत नाही. तो नादच सोडा असं म्हणणार होतो, पण तुम्ही सोडणार नाही.

दसऱ्याचं जरा कठीण दिसतंय. कारखान्यात काम फार आहे. नक्की नाही असंही नाही. कळवतो.

विहंग


बडोदे, ११ ऑगस्ट १९९८

चि. विहंगला आशीर्वाद.

मी निरुपमा, तुझी काकू. इतकी वर्षं यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहीत आले, आज सगळा कागद माझा आहे. हे गणपतरावांकडे गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीला गेलेत. पोस्टात मीच टाकणार आहे.

आधी हीटरचं सांगते. तो पेटला.

परवा हे पुन्हा त्याच्यासमोर बसले होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, डोळे लाल. मी ताक घेऊन गेले आणि सहज म्हटलं, "अहो, त्याला उकडत असेल. तो कशाला पेटेल?" हे हसले. मग हसायचे थांबले. मग गाडीच्या पायरीवर जाऊन बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. रिफायनरीत यांचं कामच ते होतं, कुठलं यंत्र किती गरम झालं की आपोआप थांबायचं ते लावून देणं. एकतीस वर्षं. हे म्हणाले, आतली हवा आधीच गरम असली तर हा पेटतच नाही. मी फ्रीजमधला बर्फ पिशवीत घालून आणला आणि जिथून तो आतली हवा ओढतो तिथे धरून बसले. दोन मिनिटांत टिकटिक सुरू झाली आणि भसकन पेटला. ऑगस्टच्या उकाड्यात गाडीची दारं लावून आम्ही दोघं म्हातारी माणसं हीटरची हवा खात बसलो. यांनी दहा मिनिटं तो बंद करू दिला नाही. लहान मुलासारखे रडायला आले होते रे.

आता माझं. ती गरम हवा अंगावर आली तेव्हा तिला वास होता. हे म्हणाले, रंग जळतोय. रंग नव्हे. तो फोडणीचा वास होता, हिंग-मोहरीचा, जुना, लोखंडात मुरलेला. आणि डबीतले ते दाणे बारीक, काळसर आहेत. खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत मी घेते तेच. जर्मनीतली मोहरी पिवळी आणि टपोरी असते, तडतडत नाही, असं तूच पहिल्या वर्षी कुरकुरत लिहिलं होतंस. म्हणून मी दर वर्षी पाठवते.

खिडक्या रोज पुसाव्या लागतात, असं तू लिहिलंस. शनिवार-रविवार भटकणारा माणूस रोज खिडक्या कशाला पुसेल? ते पत्र मी चार वेळा वाचलं.

तू त्या गाडीत राहतोस. हाताच्या अंतरावर शेगडी आणि हाताच्या अंतरावर हीटर, एवढ्या जागेत राहतोस, फोडणी देतोस. आणि तो हीटर काढून आम्हाला पाठवलास. कधीपासून राहतोस ते सांग. येत्या थंडीत काय करणार आहेस तेही सांग. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस, मला दाण्यांवरून कळतं.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असं हे म्हणतात, आता महिना झाला.

काकू


उल्म, ३० ऑगस्ट १९९८

प्रिय काकू,

तुझं पत्र पीयूषच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून हे लिहितोय.

जानेवारीपासून. आमचा कारखाना डिसेंबरात बंद पडला. खोली कारखान्याची होती, तीही गेली. गाडी माझी होती. म्हटलं दोन महिने काढू, नोकरी मिळेल. अर्ज करतोय, मुलाखती होतात, हसून बोलतात आणि पत्र येतं की क्षमस्व. सध्या सकाळी भाजीबाजारात पेट्या उतरवतो. दुपारी वाचनालयात बसतो, तिथे गरम असतं.

काकांचं हीटर मागणारं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत आलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग ते मी पुन्हा वाचलं. त्यांनी माझ्या फीसाठी, चष्म्यासाठी, विमानासाठी सगळं केलं आणि कधी काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं ते हे. माझ्याकडे देण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती. मे महिना होता, झाडं फुलली होती, थंडी पुन्हा येईल हे तेव्हा खरंच वाटत नाही. धुतला होता गं मी तो. मला वाटलं, मोहरी सगळी निघाली.

परत ये असं तू म्हणशील. रिकाम्या हाताने कसा येऊ? काका सोसायटीभर सांगतात, पुतण्या जर्मनीत यंत्रांचे आराखडे काढतो. त्यांना सांगू नकोस. मी इथे कशासाठी थांबलोय ते मलाही कळत नाही, पण कुठल्या तोंडाने निघायचं तेही कळत नाही. इथे राहायच्या परवान्याचे कागद मार्चपर्यंतचे आहेत. थंडीचं बघू, दोन गोधड्या आहेत, त्यातली एक तुझीच.

खोटं काही लिहिलेलं नाही.

तुझा,
विहंग


बडोदे, १८ सप्टेंबर १९९८

चि. विहंग,

तुझं पत्र काकूने मला दाखवलं नाही. वाचून दाखवलं. दोन्हीत फरक आहे आणि तिने शब्द मोडलेला नाही, असं तिचं म्हणणं आहे. तू तिच्याशी वाद घालून बघ, मी घालत नाही.

मोहरी मी काढली, तुला मीच लिहून कळवली, आणि गणपतरावांच्या सॉसेजवर विश्वास ठेवून मोकळा झालो. यंत्र उघडून सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले आणि समोर काय पडलंय ते दिसलं नाही. चार दिवस मी गाडीकडे फिरकलो नाही. तुझ्यावर रागावलोय असं वाटत होतं. मग वाटलं, स्वतःवर रागावलोय, की पोराकडे काही मागितलं तर त्याच्या अंगावरचं पांघरूण मागितलं. अजून नक्की ठरत नाही. जर्मनीत थंडी पडली की नाही, हे मी रोज पेपरात बघतो आणि पेपरात ते नसतं.

हे पत्र आणि हीटर पीयूषच्या आईवडिलांबरोबर येतील, ते पंचवीस तारखेला निघतात. मी तो पुन्हा उघडला, काजळी काढली, सांध्यांची पट्टी बदलली. पेटवून पाहिला, काकूने बर्फ धरला. हवा ओढायच्या तोंडावर पितळेची बारीक जाळी झाळून बसवली आहे, तिच्यातून मोहरी आत जाणार नाही. फोडणी खुशाल दे. खोक्यात लोणचं आहे आणि मोहरीची पुडी आहे, डबीतल्या दाण्यांसकट. ते परत का पाठवतेस विचारलं तर काकू म्हणाली, त्याचे आहेत.

रिकाम्या हाताने कसा येऊ, असं लिहिलंस. नऊ वर्षांचा असताना आमच्या दारात आलास तेव्हा तुझ्या हातात काय होतं, आठवतंय? एक चप्पल होती. दुसरी आगगाडीत राहिली होती. ती एकच चप्पल छातीशी धरून उंबऱ्यावर उभा होतास आणि आत यायला तयार नव्हतास. काकूने चप्पल घेतली नाही, तुला घेतलं. तेव्हा आम्ही काही विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही.

राहायचं असेल तर राहा. नोकरी मिळेपर्यंत राहा, पण हीटर लावून राहा, आणि झडप बोटभर उघडी ठेव. सोसायटीला काय सांगायचं ते मी बघून घेईन. गणपतरावांना गाडी काय आहे हे पाच महिन्यांत कळलेलं नाही, तुझं काय कळणार?

आणि यायचं असेल तर ये. दसरा ठरलेला नाही, दिवाळी ठरलेली नाही, ज्या दिवशी तुला वाटेल तो दिवस. बँडवाल्याची गाडी दारात उभी आहे, फेटेवाला अजून तुतारी फुंकतोय. काकू म्हणते, पाच वर्षं थांबले तशी थांबेन, पण बर्फ बघायला तुझ्याशिवाय जाणार नाही, हीटर असो की नसो. येशील तेव्हा हा हीटर मात्र तिथेच थंडीत असलेल्या कोणालातरी देऊन ये. इथे त्याचा उपयोग नाही. बडोद्यात आपलं घर गरम करायला तो लागत नाही, हे समजायला मला तीन महिने लागले.

अनेक आशीर्वाद. काकू म्हणते, या खेपेला माझे वेगळे लिहू नका, तुमच्यातच मिसळा.

तुझा,
काका